लाल गोलातला हात

भुजंग : न्हाई मॅडम, व्हिडिओ मंग दाखवतो. आधी माझं पुरं ऐकून घ्या. व्हिडिओ पहिले बघितला की माणूस नंतर ऐकत न्हाई, एवढं मला ह्या पंधरा दिवसांत बराबर कळालं.

विमल : बरं, ठेवा फोन खिशात. मुलगी आलीय का?

भुजंग : बाहेर बाकड्यावर बसलीय. तिची माय, सुरेखावहिनी, संगं हाय. मीच म्हणलं, मी पहिले आत जातो. तिच्यासमोर काही गोष्टी बोलता येत न्हाईत.

विमल : उद्या अकराला पोलिसांत जबाब आहे म्हणालात. म्हणजे वेळ थोडाच आहे. तुम्ही तिचे कोण लागता?

भुजंग : शेजारी. शहागडच्या फाट्यावर माझं झेरॉक्सचं दुकान हाय, आन् एका चॅनलला तालुक्यातल्या बातम्या पाठवतो. पोरीचा बाप बद्रीनाथ आन् मी एका वर्गातले. साक्षी त्याची थोरली. इथं अंबडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला हाय, आन् पोलीस भरतीची तयारी करून राह्यली. रोज सकाळी सर्व्हिस रोडवर पळते. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. आता तिच्या नावावर गुन्हा चढला तर भरतीचं विसराच.

विमल : गुन्हा बसची काच फोडल्याचा.

भुजंग : काच फोडल्याचा आन् ड्रायव्हरला जखमी केल्याचा. आन् तिनं दगड मारलाच न्हाई, मॅडम. सगळं शूटिंग मीच केलं. मी तिथं होतो.

विमल : मग अडचण काय? शूटिंग द्यायचं, विषय संपला.

भुजंग : अडचण अशी की, उद्या ती स्वतःच सांगणार हाय, मी मारला म्हणून.

विमल : कुणी दबाव आणलाय तिच्यावर?

भुजंग : कुणीच न्हाई. तेच तर तुम्हाला सांगायला आलो.

विमल : सांगा. सुरुवातीपासून सांगा, मध्ये काही गाळू नका.

भुजंग : सकाळची साडेसहाची गाडी साडेआठला केली, तिथून सुरू झालं. कॉलेजचे पहिले दोन तास बुडायला लागले. पोरींनी अर्ज दिले, सह्या गोळा केल्या, सगळं केलं. मंग एका सोमवारी चाळीसेक पोरी आन् सात-आठ पोरं फाट्यावर रस्त्यात बसल्या, साडेआठच्या गाडीसमोर. घोषणा दोनच, त्या बी लाजत लाजत. एक पोरगी तर मांडीवर वही घेऊन गणितं सोडवत होती. मी माझ्या दुकानाच्या ओट्यावर उभा राहून शूटिंग घेत होतो. तेवढ्यात एक ट्रक आला, त्याला कडंनं काढायची जल्दी. मागच्या पोरी भिऊन उठल्या. साक्षी पुढं होती, तिनं वळून हात वर केला, ‘बसा गं खाली, बसा’ म्हणली. कडंला रस्त्याच्या कामाची खडी पडल्ती. ट्रकच्या चाकाखालून एक तुकडा असा उडाला की सीधा बसच्या काचंवर. काच बसली खाली. ड्रायव्हरच्या कपाळाला लागलं, तीन टाके पडले. आन् त्याच्याकडं पहिली पळाली ती साक्षीच. अंगावरची ओढणी काढून तिनं त्याच्या कपाळाला दाबून धरली. ट्रक तर कवाच निघून गेल्ता, नंबर कुणीच घेतला न्हाई.

विमल : हे सगळं तुमच्या शूटिंगमध्ये आहे?

भुजंग : सगळं. तीन मिनिटं दहा सेकंद.

विमल : आणि चॅनलवर काय दाखवलं?

भुजंग : फुटलेल्या काचंचा आन् पळापळीचा शॉट जोडून मी बातमी पाठवल्यावर डेस्कवरून फोन आला. म्हणले, दगड मारतानाचा शॉट हाय का? मी म्हणलं, दगड कुणी मारलाच न्हाई. तर म्हणले, हात वर केलेला कुणाचा हाय? मी म्हणलं, एका पोरीचा हाय, पण... म्हणले, तेवढाच जल्दी पाठव. मी पाठवला. ‘पण’च्या पुढचं त्यांनी ऐकलं न्हाई, आन् मी बी परत फोन लावला न्हाई. माझं नाव खाली पट्टीवर येणार होतं, मॅडम. खरं सांगतो. घरी सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं होतं मी.

विमल : पुढं?

भुजंग : तीन तुकडे दाखवले. हात वर, काच खाली, आन् ती बसकडं पळत चाललेली. मधला ट्रक गेला, पुढची ओढणी गेली. तिच्या हाताभोवती लाल गोल फिरत होता आन् मागं ढोल वाजत होते. ‘विद्यार्थिनी की हल्लेखोर?’ म्हणून रात्री नवापर्यंत तेच चाललं. तोंड उघडं असताना थांबवलेला तिचा फोटो. ‘बसा’ म्हणताना कुणाचं बी तोंड तसंच होतं. पण थांबवलं ना मॅडम, की ती अंगावर येतीय असं वाटतं. मी तिला लहानपणापासून बघतो, मला बी तसंच वाटलं. मी उठून टीव्ही बंद केला.

विमल : गावात लोक काय म्हणाले? चाळीस मुली होत्या म्हणता, त्यांनी तर डोळ्यांनी पाहिलं होतं.

भुजंग : पहिले दोन दिवस सगळे चॅनलला शिव्या देत होते. तिसऱ्या दिवसापासून काय झालं ते सांगतो, तुम्हाला पटो न पटो. तिची आजी झुंबरबाई, तिला डोळ्यांनी कमी दिसतं. टीव्ही पाहून तिनं नातीला जवळ बोलावलं, उजवा हात धरला आन् मनगटाभोवती हळद लावायला लागली. म्हणली, केवढं भाजलंय गं, लालभडक झालंय. साक्षी म्हणली, आजी, काही न्हाई तिथं. तर म्हातारी म्हणली, मला दिसून राह्यलं की, गोल. आम्ही हसलो. म्हातारं माणूस हाय म्हणलं.

विमल : हं.

भुजंग : मंग पुंजाराम. फाट्यावर त्याचं चहाचं हॉटेल, वर ताडपत्री. ताडपत्री उडू न्हाई म्हणून चार कोपऱ्यांना चार दगड. मी रोज दोन वेळा तिथं चहा पितो, चारच दगड होते. चौथ्या दिवशी पुंजाराम म्हणला, पाच होते, पाचवा पोरीनं उचलला. मी म्हणलं, कोपरे चार, तर पाचवा कशाला ठेवशील? तो मला मधल्या बाजूला घेऊन गेला आन् जमीन दाखवली. मॅडम, तिथं खळगा होता. दगड बरेच दिवस एका जागी राह्यला की खाली कशी ओली, गार माती राहते, मुंग्या असतात, तसा. लोक तिथं येऊन फोटो काढून राह्यले.

विमल : त्यानं स्वतःच उकरला असेल.

भुजंग : मी बी तेच म्हणलं. पुंजाराम खोटं बोलणारा माणूस न्हाई, तरी मी म्हणलं. मंग शीतलकडं गेलो. शीतल साक्षीची जिवाभावाची मैत्रीण. त्या दिवशी दोघी एकमेकींच्या हातात हात घालून बसल्त्या, माझ्या व्हिडिओत दिसतं. तिला म्हणलं, तू साक्षीदार म्हणून चल. तर रडायला लागली. म्हणली, काका, मला न्यू नका, मला खोटं बोलता येणार न्हाई. मी पाहिलं तिला मारताना. मी विचारलं, कुठून उचलला? म्हणली, डब्याच्या पिशवीतून काढला. पुंजाराम म्हणतो ताडपत्रीचा, ती म्हणते पिशवीतला, तिसरी एक पोरगी म्हणते विटेचा तुकडा होता. दगड एकेकाचा वेगळा, पण मारला हे सगळ्यांचं एकच.

विमल : आणि घरचे?

भुजंग : घरच्यांनी तर लई जीव लावला, तिथंच घोळ झाला. बद्रीनाथ तिला जवळ घेऊन म्हणायचा, मारला असला तरी सांग, मी रागवणार न्हाई. माय म्हणायची, मारला असला तरी तू माझीच हायेस. मामा, आत्या, कॉलेजच्या बाई, सगळ्यांचं तेच, मारला असला तरी. पहिले ती भांडायची. मंग नुसतं न्हाई म्हणायची. मंग गप. वहिनी सांगत होत्या, आता डाव्या हातानं जेवते. उजवा हात मांडीखाली दाबून बसते. परवा माझ्या दुकानात आली आन् शांतपणे म्हणली, काका, एक जबाब टाइप करून द्या, मला आठवलं.

विमल : बोलवा तिला आत. आईला थोडा वेळ बाहेरच बसू द्या.

भुजंग : साक्षी, ये बाळा. ह्या विमल मॅडम, आपल्या वकील.

विमल : ये, इथं बस, पंख्याखाली. पाणी घे. घाबरू नकोस, मी पोलीस नाही. भुजंगकाकांचं पूर्ण शूटिंग मी कॉम्प्युटरवर लावतेय. मीही पहिल्यांदाच बघतेय, दोघी मिळून बघू. चालेल?

साक्षी : चालेल, मॅडम.

विमल : हे बघ, हा तुझा हात वर आला. थांबवते. काय दिसतं?

साक्षी : रिकामा आहे.

विमल : पाचही बोटं उघडी आहेत. हा ट्रक. आणि ही काच. तुझा हात अजून वरच आहे बघ, काच फुटली तरी. आता तू पळालीस. ही तुझी ओढणी. बरोबर?

साक्षी : बरोबर.

विमल : मग उद्या काय सांगायचं, कळलं ना?

साक्षी : मॅडम, तुम्ही चिडू नका. हे काकांनी काढलंय, म्हणजे ते खरंच असणार. काका खोटं करणार नाहीत. पण हे ओट्यावरून दिसलेलं आहे. मला डोळ्यांनी आठवत नाही, मला हातातून आठवतं.

विमल : म्हणजे कसं?

साक्षी : वजन आठवतं. उन्हात पडलेला होता, म्हणून कोमट होता. सोडला तेव्हा तळहात एकदम हलका झाला, ते आठवतं. रोज सकाळी उठले की आधी हात हलका वाटतो, मग बाकीचं सगळं आठवतं.

भुजंग : अगं, पण तुझ्या हातात...

विमल : थांबा भुजंग. साक्षी, तो दगड मला नीट सांग. कसा होता?

साक्षी : गोल. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. करड्या रंगाचा, आणि मधून एक पांढरी रेघ, तिरपी.

विमल : फाट्यावर तर काळी खडी आहे. टोकदार. गोल दगड आहे का तिथं एखादा?

साक्षी : नाही. मीही दोनदा जाऊन शोधला. नाही मिळाला.

विमल : भुजंग, चॅनलवर लागलेली बातमी आहे का तुमच्याकडं? त्यांच्या पट्टीसकट, गोलासकट?

भुजंग : हाय की. ही घ्या. पण हिच्यासमोर नका लावू, मॅडम, पंधरा दिवस तेच पाहून राह्यली.

विमल : लावू द्या. मला तुमचा तुकडा नको, त्यांनी वर काय काय चिकटवलं ते बघायचंय. हा गोल... ही अक्षरं... हे बघा. डाव्या कोपऱ्यात, निवेदिकेच्या खांद्यावर. मोठं करते. दिसतंय?

भुजंग : अरे देवा. हे चित्र तर ते दंगल असली, मोर्चा असला, कुठं बी लावतात. नुसतं सजावटीला. मी शंभरदा पाहिलं असंल, कधी ध्यान दिलं न्हाई.

विमल : गोल दगड. करडा. मधून पांढरी रेघ. साक्षी, बाळा, इकडं बघ. हाच का?

साक्षी : हाच.

विमल : हे चित्र आहे. कुठल्या तरी परदेशातल्या नदीकाठचा फोटो असेल. चॅनलवाल्यांनी तो तुझ्या बातमीला लावला, आणि तू तो दिवसातून पन्नास वेळा पाहिलास. तुझ्या हातात जो आहे तो हा आहे. रस्त्यावर कधीच नव्हता. पटतंय का तुला?

साक्षी : पण मॅडम, हा त्यांना कुठं सापडला?

भुजंग : साक्षी...

साक्षी : मी दोनदा जाऊन आले काका. पार नदीच्या पुलापर्यंत बघितलं. त्यांना कसा सापडला?

विमल : असू दे. पाणी पी. रडायचं असेल तर रड, इथं रोज कुणीतरी रडतं. आता मी सांगते ते ऐक. उद्या मी तुझ्यासोबत येणार. तुला काय आठवतं ते तुला कुणी विचारणार नाही, आणि तू सांगायचंही नाहीस. एका कागदावर सही करायची, की सोबत जोडलेलं चित्रीकरण मी पाहिलं, ते त्या दिवसाचं आहे आणि त्यात दिसणारी मुलगी मी आहे. यात काही खोटं आहे का?

साक्षी : नाही. ते खरंच आहे.

विमल : मग करशील सही?

साक्षी : करते. डाव्या हातानं केली तर चालेल का?

(तीन महिन्यांनंतर. अंबडच्या कोर्टाबाहेरची चहाची टपरी, दुपारची वेळ.)

विमल : या भुजंग, तुम्हालाच शोधत होते. कालच पोलिसांचं पत्र आलं. साक्षीचं नाव वगळलं. ट्रकचालक अज्ञात, अपघात, एवढंच ठेवलंय. भरतीला काही अडचण येणार नाही.

भुजंग : सांगितलं वहिनींनी, मॅडम. पेढे घेऊन येणार हायेत तुमच्याकडं. बद्रीनाथ तर फोनवर रडला.

विमल : आणि चॅनल?

भुजंग : तुमची नोटीस गेल्यावर त्यांनी त्यांच्याकडची बातमी उतरवली. चुकलं असं काही म्हणले न्हाईत. मी तिथलं काम सोडलं, आता फक्त झेरॉक्स. पण ती क्लिप कुठं जातीय. परवा लग्नात एक पोरगं दाखवत होतं मला, मलाच. ‘काका, ही शहागडची.’ मी म्हणलं, पुरा व्हिडिओ माझ्या फोनात हाय, हा बघ. तीन मिनिटं हाय म्हणल्यावर ते उठून जेवायला गेलं.

विमल : मुली कॉलेजला येतात ना?

भुजंग : येतात की. साडेसहाची गाडी परत सुरू झाली. आन् तिथं आणखी एक नवीन झालं. आता गावात म्हणून राह्यले, बद्रीनाथच्या पोरीनं दगड मारला म्हणून गाडी सुरू झाली. आधी शिव्या घालत होते, आता ग्रामसभेत तिच्या नावानं टाळ्या वाजवल्या. लहान लहान पोरी तिला बघायला येतात. मी उठून उभा राह्यलो, म्हणलं, अहो, तिनं मारलाच न्हाई, पोलिसांचं पत्र हाय. सरपंच म्हणले, कागदावर तसंच लिहावं लागतं भुजंगराव, आम्हाला कळतं. आन् माझ्याकडं बघून डोळा मारला.

विमल : साक्षी काय म्हणाली?

भुजंग : ती मागं बसल्ती, खाली मान घालून. तिला ना शिव्या सोसल्या, ना टाळ्या. उजव्या हातानं लिहायला लागलीय आता, पण सावकाश. कुणी हात हातात घेतला तर दचकते.

विमल : तिला जालन्याला एखाद्या चांगल्या डॉक्टरकडं न्यायला हवं. मनाच्या डॉक्टरकडं. मी नंबर देते.

भुजंग : द्या. मी घेऊन जाईन. पण मॅडम, सोमवारी एक गोष्ट घडली, ती तुम्हाला सांगावी का न्हाई कळत न्हाई.

विमल : सांगा.

भुजंग : सोमवारी मी बी त्याच गाडीनं आलो. गाडीवर तोच ड्रायव्हर होता. रजेवरून परत आलेला, कपाळावर टाक्यांची खूण. चांगला सज्जन माणूस हाय. त्यानंच पोलिसांना लिहून दिल्तं ना, की मी उजवीकडच्या आरशात बघत होतो, पुढून काय आलं ते मला दिसलं न्हाई. साक्षी चढली. बाकीच्या पोरी मागं गेल्या, ही त्याच्या सीटपाशी उभी राह्यली. मी दुसऱ्याच बाकावर होतो. ती म्हणली, काका, मला माफ करा. एवढंच. मला वाटलं, आता सुटली पोरगी. आता हा माणूस सांगंल तिला, की अगं वेडे, तू तर माझ्या कपाळाला ओढणी धरली होती. दुसऱ्या कुणाचं न्हाई, पण त्याचं ती ऐकंल.

विमल : मग?

भुजंग : त्यानं गाडी चालू केली न्हाई. तिच्याकडं वळला. मंग म्हणला, जाऊ दे माय. मी पाहिलं होतं तवा तुला. मुद्दाम न्हाई मारला तू, निसटला हातातून.

विमल : असं म्हणाला तो?

भुजंग : ह्या कानांनी ऐकलं. आन् कसं म्हणला, जसं बाप म्हणतो.

विमल : तुम्ही काही बोलला नाहीत?

भुजंग : बोलणार होतो. उठलो बी होतो जागेवरून, फोन बी काढला होता. पण ती माझ्या बाजूच्या खिडकीत येऊन बसली, काचंला डोकं टेकलं, आन् गाडी फाट्याच्या बाहेर पडायच्या आत झोपी गेली. लहान लेकरू झोपतं तशी, तोंड उघडं ठेवून. अंबड येईपर्यंत उठली न्हाई, मॅडम. मंग मी बी तिला उठवलं न्हाई.